कोळशाला हळदकुंकू

परळच्या एका छोट्या गणेश मंडळाने यंदाच्या देखाव्याचं निवेदन मला लिहायला सांगितलं. विषय, तापलेली पृथ्वी. मी झटक्यात लिहून टाकलं: कोळसा हा राक्षस, धूर हे आपलं पाप, सूर्य हे पुण्य. मग हौस आली, गिरगाव ते लालबाग फिरून लोक याबद्दल काय बोलतात ते ऐकावं. घरी बसले असते तर बरं झालं असतं.

गिरगावात जायचं तर ऊन चढायच्या आत जा, आणि साबुदाणा वड्यावर पीयूष हवंच. एका देवळाच्या फळ्यावर लिहिलं होतं, ‘धरणीमातेला ताप आला आहे.’ बाकावरच्या आजी शेजारणीला म्हणाल्या, “माता म्हणायचं आणि गाभाऱ्यात एसी लावायचा!”

“मग देवाला उकडू द्यायचं?” शेजारीण म्हणाली.

मला दोघींचंही पटलं.

तिथून बसने दादर. फुलबाजारात झेंडू माना टाकून पडला होता. “देव कोपलाय,” फुलवाली म्हणाली.

“देव कशाला कोपतोय? आपलंच पाप,” शेजारचा हारवाला म्हणाला.

“आपलं कुठलं रे? गाड्या त्यांच्या, फुलं माझी सुकतात!”

निवेदनातल्या ‘आपलं पाप’पुढे मी प्रश्नचिन्ह काढलं.

हिंदमातावरून चालत लालबागला, मामाच्या चाळीत. मामा गिरणीत बॉयलरवर होता. देखाव्याचा नारळ यंदा त्याच्या हातून फुटणार, म्हणून स्वारी खुशीत होती. मी कौतुकाने निवेदन वाचून दाखवलं. त्याचा चेहरा उतरला.

“मगे आमी पोरांक वाढवला ता पापाच्या पैशान काय गो?”

देव्हाऱ्यात कोळशाचा एक खडा होता. खंडेनवमीला बॉयलरबरोबर कोळशालाही हळदकुंकू लावायचे, गिरणी बंद झाल्यावर त्याने तो घरी आणला. मी काही बोलणार तोच त्याला खोकल्याची उबळ आली.

“खोकलो तेचोच हा,” पाणी पिऊन तो म्हणाला. “पण घरातली चूलय तेच्यावरच पेटली. नारळ दुसऱ्या कोणाक तरी फोडूक सांग.”

मला रडूच आलं. त्याचा खोकला खरा, चूलही खरी. मग मी लिहू काय?

बोरिवलीला घरी पोचते तोच मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. “ताई, शेवटी राक्षस मरतो ना?”

“मरायलाच हवा. पण आधी त्याची पूजा करायची.”

“म्हणजे तो देव की राक्षस?”

“मलाही कळत नाहीये.”

मग मामाला फोन लावला. “राक्षसाला मारण्याआधी हळदकुंकू लावायचंय. तू लावशील?”

बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला.

“खडो मीच घेऊन येतंय,” तो म्हणाला. “नारळाचा मगे बघूया.”