पुढची सीट पोटुशीची

"गुरुजी, हे मेसेज फसवणुकीचे नव्हते. आमचेच होते."

जव्हारच्या शिक्षकांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यांच्या जुन्या गाडीच्या कंपनीचे पाच मेसेज, पाचही न उघडलेले. "मॅडम, आजकाल कोणावर विश्वास ठेवायचा? आणि ती गाडी मी केव्हाच पोशेऱ्याच्या काशिनाथला विकली."

"मग कागद अजून तुमच्या नावावर कसे?"

"आपलाच माणूस आहे. म्हटलं, करू सावकाश."

त्यावरून मी त्यांना चार शब्द सुनावले आणि मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याचा रस्ता धरला.

मी नाशिकच्या एका वर्कशॉपमध्ये रिकॉलचं काम बघते. रिकॉल म्हणजे विकलेल्या गाडीतला दोष कंपनीने कबूल करायचा आणि फुकट दुरुस्त करून द्यायचा. या खेपेला दोष होता एअरबॅगच्या इन्फ्लेटरमध्ये. हा धातूचा छोटा डबा. धडक बसली की तो पिशवीत गॅस भरतो. वर्षानुवर्षं दमट हवा लागून आतलं रसायन बिघडलं, तर डबाच फुटतो आणि त्याचे तुकडे समोरच्या माणसाला लागतात. आमच्या यादीतल्या गाड्यांत हा डबा ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर होता.

काशिनाथकाकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्याच सीटवर हात ठेवला.

"ही आमच्या पाड्यात पोटुशीची जागा. कोनी पन बसला असू दे, पोटुशी बाई आली का उठायचा. मागं धक्के लय बसतात."

अख्खा पाडा जिला जपत होता, तिलाच नेमकं त्या डब्यासमोर बसवत होता.

"काका, आज गाडी द्या. उद्या परत आणते. आणि तपासल्याशिवाय कोणाला पुढे बसवायचं नाही."

"नाय जमायचा. सुनेचे दिवस भरलेत. मागं बसवीन, पन गाडीच नसली तर कुठं बसवू?"

बोलणं रास्त होतं. मी मॅनेजरना फोन लावला.

"सर, एक बदली गाडी पाठवा."

"मोखाड्याला? दोन्ही बाहेर आहेत. पुढच्या आठवड्यात बघू."

दिवस भरलेली बाई पुढचा आठवडा कुठून आणणार? मी माझ्याच गाडीची चावी काकांच्या हातात दिली. त्यांनी वाकून गाडीचं पोट बघितलं, समोरचा चढ एकदा चढवून आणली आणि म्हणाले, "चालंल." मी त्यांची गाडी घेऊन निघाले. स्वतःवर भलतीच खूश होते.

दुपारी वर्कशॉपमध्ये चहा पीत हा पराक्रम सांगत होते. आमचा सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, तुमची गाडीही आपल्याच कंपनीची ना? चॅसिस नंबर सांगा बरं."

मोबाईलमधला कागदांचा फोटो बघून हसत हसत सांगितला. स्क्रीनवर लाल ओळ आली. रिकॉल बाकी.

गाडी मी एका जुन्या सहकाऱ्याकडून घेतली होती. कंपनीच्या रेकॉर्डवर मोबाईल नंबर अजून त्याचाच. मीही म्हटलं होतं, करू सावकाश. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

काकांचा फोन लागेना. अकरा वेळा लावला. मला चहा जाईना, बसवेना. त्या मुलीला मी माझ्या हाताने धोक्यात ढकललं होतं.

पाच वाजता त्यांचाच फोन आला. "मॅडम, जव्हारच्या दवाखान्यातून बोलतो. नात झाली. दोघी बऱ्या हायेत."

"काका, येताना सून कुठे बसली होती?"

"मागं. आईच्या मांडीवर डोका ठेवून."

"पण पुढे बसवू नका, हे मी तुमच्या गाडीचं सांगितलं होतं."

"तुमीच बोलल्या ना, तपासल्याशिवाय नाय. तुमची तपासली, असा काय तुमी बोलल्या नाय. मंग पुढं कोनालाच बसवला नाय."

मी खुर्चीत बसले आणि रडले. सुपरवायझरने उगाचच कागद चाळले.

दुसऱ्या दिवशी काकांची गाडी दुरुस्त करून पोचवली, माझी आणली आणि त्याच दिवशी डबा बदलून घेतला. आता नव्या यादीत सगळ्यात आधी स्वतःच्या गाडीचा नंबर टाकून बघते. गुरुजींना फोन करून ते चार शब्द परत घेतले. कागद मात्र त्याच आठवड्यात काकांच्या नावावर करायला लावले.