सुनेचा आवाज

खानापूरच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या आक्का सारख्या कानाला हात लावत होत्या. कानामागं नवं कोरं मशीन होतं, बेळगावच्या दवाखान्यातून नुकतंच बसवून घेतलेलं. खिडकीची काच खडखडली की त्या दचकायच्या आणि मग स्वतःशीच हसायच्या.

शाळेत शिकवून माझा आवाज तसाही मोठा. त्यात मी मुद्दाम ओरडून विचारलं, "ऐकू येतंय काय, आक्का?"

"येतंय की! वरडतीस कशाला गं?"

मी ओशाळले. तशी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"घरात बी समदी वरडूनच बोलत्यात. सून यायच्या आधीच माझं कान गेलतं. ती जेवाय बोलवायची ते बी कपाळाला आठ्या घालून. मला वाटायचं, लई रागीट पोरगी मिळाली. मी तोंड फिरवून बसायची. आज दवाखान्यात बघितलं, जो तो आपल्या म्हाताऱ्या माणसाशी वरडून बोलतोय, आणि समद्यांची तोंडं माझ्या सुनंगत! एवढी समदी कशी रागीट असतील?"

खानापूरला सून स्टँडवर उभी होती. कपाळाला आठ्या घालून ती ओरडली, "आत्ती, सावकाश उतरा!"

"हळू बोल गं."

ती गोंधळली. मग जवळ येऊन, जरा लाजतच, हलक्या आवाजात म्हणाली, "दमलासा काय, आत्ती?"

मला मागच्या पायरीवर ते स्पष्ट ऐकू आलं. आक्कांनाही आलं असणार. तरी त्या सुनेचा हात धरून म्हणाल्या, "आणि एकदा म्हण."