खंडेनवमीला पुजलेली छत्री

हळ्ळीखेडच्या दाखले केंद्रात चार वर्षं बसून अंबिकाचे कान एकाच प्रश्नानं किटले होते, "नेटवर्क आलं का वो, अक्का?" उत्तर देऊन देऊन ती थकते हे बघून आधीच्या इंजिनिअरनं, रविकुमारनं, पुण्याला जाता जाता तिला चार ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली. दोनदा क्लिक केलं की काळी खिडकी उघडायची आणि कंप्यूटरच्या वायफायचे हालहवाल सांगायची: कनेक्टेड, सिग्नल ब्याऐंशी टक्के. पुढं पुढं देवाच्या कौलावर नसेल एवढा अंबिकाचा त्या अक्षरांवर विश्वास बसला. वरच्या कार्यालयाचंही तेच. फोन लावला की पहिला सवाल, "स्क्रिप्ट काय म्हणते?" कनेक्टेड म्हटलं की, "मग थांबा, येईल," आणि फोन बंद.

दोन हजार दहाच्या खंडेनवमीला, शनिवारी, गावानं नांगर, ट्रॅक्टर, शिलाई मशिनी धुऊन पुजल्या. अंबिकानं कंप्यूटरला कुंकू लावलं. हुमनाबादच्या टॉवरकडून नेट घेणारी छत्री छपरावर होती. जिच्यावर पोट चालतं तिलाच कशी वगळायची? म्हणून ती वर चढली, छत्री घासूनपुसून लख्ख केली आणि झेंडूची माळ ओढून बांधली.

सोमवारपासून एकही दाखला निघेना. खिडकी मात्र कनेक्टेडच म्हणत होती.

त्याच दिवशी पार्वतीबाई आली. तिच्या धनलक्ष्मीला बिदरला नर्सिंगची सीट लागली होती. जातीचा दाखला मंजूर झाला होता, फक्त छापून घ्यायचा होता. शुक्रवार शेवटचा दिवस. सीट हुकली तर चुलता निंबर्ग्याच्या सोयऱ्यांत पोरीचं लग्न लावून मोकळा होणार होता. पोरीला लग्न नको होतं, आईलाही नको होतं.

बुधवारी पार्वतीबाईनं छपराकडं बघितलं. तिचा जन्म मेंढरांमागं गेलेला, कुठलं तोंड कुठं वळलंय हे तिच्या नजरेतून सुटत नसे. "अक्का, ही छत्री लिंबाकडं बघायची. आता तळ्याकडं कामून बघायलीय?"

सकाळपासून चाळीस जणांची बोलणी खाल्लेली अंबिका करवादली, "मावशी, हितं कनेक्टेड दावायलंय. बिघाड वरच्या सर्व्हरात हाय. छत्रीचं तुमाला काय कळतंय?"

"मग हुमनाबादला जाऊन काढू का?"

"कशाला हेलपाटा? उद्या येतंय."

तो उद्या गुरुवारी आला नाही, शुक्रवारीही आला नाही. संध्याकाळी कुलूप लावताना ती पार्वतीबाईला सवयीनं म्हणाली, "उद्या बघू."

शनिवारी सकाळी तिनं न राहवून रविकुमारला फोन लावला. तो हसला. "अगं, ती स्क्रिप्ट तुझ्या कंप्यूटरपासून जिन्यातल्या वायफायच्या डब्यापर्यंतच बघते. दहा फूट. त्याच्या पुढचं, छत्रीचं, तिला काय ठाऊक?"

अंबिका छपरावर गेली. सुकलेल्या माळेनं छत्री तळ्याकडं ओढून धरली होती. तिनं माळ तोडली, छत्री लिंबाच्या शेंड्याकडं वळवली. खाली येऊन कंप्यूटरवर दाखला मागितला, दोन मिनिटांत छापून आला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पार्वतीबाई दारात उभीच होती. अंबिकानं कागद पुढं केला. "मावशी, चूक माझी. छत्री माझ्याच हातानं फिरली. तुमी सांगून बी मी ऐकलं न्हाई." आता ही बाई शिव्या देईल, गाव गोळा करील, असं तिला वाटलं. खरं तर तसं झालं असतं तर बरंच झालं असतं.

पार्वतीबाईनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि नीट घडी घालून पदराला बांधला.

"ऱ्हाऊ द्या अक्का, तुमी बी दमलेल्या," ती म्हणाली. "लग्नाला मात्र या."