सहा नळ्या, बत्तीस दात

लंडनजवळच्या पिनरचे डॉ. यशवंत ओव्हाळ, आमचे काका, चाळीस वर्षं लोकांचे दात बघत होते. रिटायर झाल्यावर ते जुन्या अमेरिकन पिस्तुलांच्या नळ्या बघायला लागले, त्याच छोट्या गोल आरशाने. दिवाळीच्या फटाक्यांनाही ते कानात बोटं घालतात. पण दीडशे वर्षांच्या पिस्तुलात एखादा स्क्रू नंतर बसवलेला दिसला, की त्यांचं डोकं फिरतं. "अस्सल म्हणजे सगळं जन्मापासूनचं," हे मृणालकाकूंना रोज ऐकावं लागतं.

२००६ साली मी त्यांना साउथहॅम्प्टनच्या अँटिक फेअरला गाडीने घेऊन गेलो. एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे पेपरबॉक्स होतं, म्हणजे एकामागून एक सहा गोळ्या झाडणारं, सहा नळ्यांचं पिस्तूल. काकांनी प्रत्येक नळीत आरसा धरला, प्रत्येक स्क्रू तपासला आणि निकाल दिला, "एक स्क्रू नवा आहे. किंमत निम्मी."

म्हातारा चिडला नाही. "डॉक्टर, मला ओळखलंत?"

काकांनी चेहरा निरखला. ओळख पटेना. मग म्हाताऱ्याने आ केला. काकांनी आरसा बाहीला पुसून सरळ तोंडात घातला आणि एकदम खुलले.

"खालची डावी दाढ आणि वरचे पुढचे चार. माझंच काम. एक्क्याऐंशी साल."

"पाचही नवे," म्हातारा म्हणाला. "पण माझ्या बायकोने माझी किंमत निम्मी केली नाही."

काकांनी चेकबुक काढलं आणि पूर्ण किंमत लिहिली. परतताना अर्ध्या वाटेत त्यांनी आरशाने तो स्क्रू पुन्हा तपासला. मग म्हणाले, "स्क्रू बसवणाऱ्याचा हात मात्र चांगला होता."