डीलरने भंगारात घातलेली मोटर

जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवणाऱ्या मित्रांनो, आज नगरच्या एका डीलरने डोकं फिरवलं.

आई ७२-७३ मध्ये कॅम्पातल्या एका साहेबांच्या बंगल्यावर जे मॉडेल चालवायची, ते कधीच बंद झालं. कित्येक वर्षं शोधत होतो. "सगळं ओरिजिनल हाय," असं हा डीलर फोनवर म्हणाला, म्हणून गेलो.

सुरू केलं, तर आवाजच वेगळा. उघडायला लावलं, तर आत नवी मोटर.

"जुनी जळली होती का?"

"न्हाई, चालू हुती. लई आवाज करायची, म्हणून भंगारात दिली. तुमाला झाडायचंय का पूजा करायचीय?"

तोच आवाज आईला ऐकवायचा होता. मशीन तिथंच ठेवून निघालो.

हा माणूस स्वतःला जुन्या वस्तूंचा डीलर कसा म्हणवतो?