देवमाशाचे पाय

आमच्या संग्रहालयाच्या दारात तिकिटं फाडायचं काम मी बावीस वर्षं करते आहे. माणूस आत येतानाच मला कळतं, हा काचेला हात लावणार की नाही. छत्री नाहीतर काठी उगारून वस्तू दाखवणाऱ्यांना तर मी तिथल्या तिथे फैलावर घेते. माझं तोंड जरा सुटलेलंच आहे, हे मला मान्य आहे. त्याच तोंडानं मी एकदा एका भल्या माणसाची चारचौघांत थट्टा केली होती. ती मनाला लागून राहिली आहे, म्हणून हे लिहिते आहे.

त्या माणसाला आम्ही हाडेकाका म्हणतो. आडनाव वेगळंच आहे, पण पस्तीस वर्षं जनावरांची हाडं साफ करून, तारेनं जोडून, सांगाडे उभे करणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? तळघरात त्यांची खोली. टेबलावर चिमटे, दात घासायचे जुने ब्रश, तांब्याच्या तारांची वेटोळी, आणि सगळीकडे नंबर घातलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येक नव्या सांगाड्याला हात लावण्याआधी काका डोळे मिटून दोन मिनिटं प्रार्थना करतात.

"वटवाघळासाठीसुद्धा?" मी एकदा विचारलं होतं.

"त्याच्या पंखात पाच बोटं असतात, ताई. माझ्या हातात आहेत तशीच. एवढी जवळची ओळख निघाल्यावर हात जोडायला नकोत?"

काका कट्टर श्रद्धाळू. त्यांचे थोरले भाऊ गावातल्या प्रार्थनाघराचे प्रमुख आहेत. काका दर आठवड्याला तिथे पहिल्या रांगेत बसून जोरात आणि बेसूर गातात. धाकट्याचं हे हाडांचं काम मात्र दादांना कधी रुचलं नाही. संग्रहालयात सांगतात की जीव हळूहळू बदलत आजच्या रूपाला आले. ते ऐकून दादांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

चार वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागला. चाळीस फुटांचा. वास असा की दोन दिवस कोणाला जेवण गेलं नाही. आम्ही झाडून सगळे मदतीला गेलो होतो. काकांनी कोयते घेतलेल्या माणसांकडून मांस उतरवून घेतलं. हाडं संग्रहालयाच्या मागच्या अंगणात वाळूत आणि शेणखतात पुरायची होती, म्हणजे उरलंसुरलं किडे खाऊन टाकतात. मांस न्यायला नगरपालिकेचा ट्रक आला होता, गावाबाहेरच्या उकिरड्यावर. काका त्या ट्रकसमोर जाऊन उभे राहिले.

"एवढा मोठा जीव आपल्या दारात येऊन मेला. त्याला उकिरड्यावर टाकायचं नाही."

काकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. शेवटी जुन्या दीपगृहाच्या भिंतीमागे, भरतीचं पाणी पोचत नाही तिथे, मशीननं मोठा खड्डा खणला आणि सगळं मांस त्यात पुरलं. काकांनी वर एक काळा दगड ठेवला, प्रार्थना केली आणि मोठ्यानं म्हणाले, "आता तुला कोणी त्रास देणार नाही."

मी नाकाला रुमाल लावून उभी होते. "काका, हार राहिला की हो!" मी ओरडले. सगळे खो खो हसले. काका दगडाभोवतीची वाळू हातानं सारखी करत राहिले.

गेल्या वर्षी संग्रहालयाच्या प्रमुख म्हणून नव्या मॅडम आल्या. वयानं लहान, बुद्धीनं लखलखीत, बोलायला तडकाफडकी. उत्क्रांतीवर एक नवं दालन उभारायचं त्यांनी ठरवलं आणि मधोमध आमचा देवमासा टांगायचा. काका खुशीत होते. दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचं होतं आणि जाता जाता एवढं मोठं काम हातून होणार होतं. कवटी, मणके, बरगड्या, सगळं जागच्या जागी बसलं. मग मॅडमनी काकांची हाडांची यादी उघडली. शेवटच्या दोन ओळी कोऱ्या होत्या.

मी तेव्हा तिथे चहा घेऊन गेले होते, म्हणून सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालायचे, मॅडम सांगत होत्या. मागचे पाय गेले, पण कमरेची दोन छोटी हाडं अजून अंगात राहिली आहेत. कण्याला न जोडलेली, नुसती मांसात रुतलेली. सगळ्या दालनाचा जीव त्या दोन हाडांत होता.

"आणि नेमकी तीच नाहीत," मॅडम म्हणाल्या. "काका, खरं सांगा. तुमच्या प्रार्थनाघरातल्या लोकांना ती नको असतील, म्हणून तर नाही ना गेली?"

काकांचा चेहरा उतरला. ते गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यानंच घात केला.

"आठवडाभरात हाडं मिळाली नाहीत तर पुढचं काम मी दुसऱ्याकडे सोपवते," असं म्हणून मॅडम वर निघून गेल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, तोंड उघडा ना! पस्तीस वर्षांनी चोर ठरून घरी जाणार आहात का?"

"ताई, हाडं कुठे आहेत ते मला माहीत आहे." काका हळूच म्हणाले. "चूक माझीच. मांस उतरवताना मी डोक्याकडे होतो, शेपटीकडे लक्ष राहिलं नाही. ती मांसाबरोबर गेली. दगडाखाली आहेत."

"मग खणा की!"

"आता कोणी त्रास देणार नाही, असा शब्द दिलाय मी."

"मेलेल्या देवमाशाला?"

"शब्द कोणाला दिला यावर तो लहानमोठा होत नाही."

त्या संध्याकाळी काका दादांकडे गेले. तिथे काय झालं ते दादांनीच पुढे मला सांगितलं. दादा आधी म्हणाले, "नाही मिळाली तर बरंच झालं. काम जाईल, पण श्रद्धा तरी राहील."

"दादा, श्रद्धा आहे म्हणूनच तर जिवाला लागलंय. एक सांगाडा जोडायला मला तीन वर्षं लागली. देवानं जीव घडवायला कोट्यवधी वर्षं घेतली, तर त्यात त्याला कमीपणा कसला? घाई आपल्याला असते, त्याला नाही."

दादा चिडले. "एवढं सगळं कळतं, तर माझ्याकडे आलास कशाला?"

"दिलेला शब्द परत कसा मागायचा, ते विचारायला."

परवा सकाळी खणायला जाणार आहे, एवढं सांगून काका उठले.

दोन दिवसांनी सकाळी काका फावडं घेऊन दीपगृहाकडे निघाले. मी बरोबर होते. मॅडमही आल्या, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. खड्ड्यापाशी पोचतो तर समोरून दादा काठी टेकत येताना दिसले. आता हे अडवणार, असं धरून मी पदर खोचला.

दादा दगडापाशी थांबले. "शब्द परत मागताना साक्षीला कोणीतरी हवं," ते म्हणाले. "माग."

दोघा भावांनी डोळे मिटले. काका मोठ्यानं म्हणाले, "तुला पुन्हा त्रास देतोय, माफ कर. तुझी दोन हाडं माझ्या चुकीनं इथे राहिली. ती घेतो आणि तुला पुरतं उभं करतो. बाकीचं तुझं तुझ्यापाशी राहू दे."

मग दगड बाजूला झाला. खालची वाळू काळी, तेलकट होती. दोन तास आम्ही खणत होतो, शेवटी शेवटी तर नुसत्या हातांनी. पहिलं हाड काकांच्या हाताला लागलं. कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढं, बारीक आणि जरासं वाकलेलं. दुसरं मॅडमना मिळालं आणि त्या लहान मुलीसारख्या किंचाळल्या. मीही ओरडले. आजूबाजूचे समुद्रपक्षी उडून गेले.

दादांनी हात पुढे केला. काकांनी हाड त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"एवढंसं? आणि कशालाच जोडलेलं नाही?"

"कशालाच नाही."

"म्हणजे हे चालायचे कधीकाळी?"

"यांचे पूर्वज, दादा."

दादांनी ते हाड उजेडात धरलं. अंगठ्यानं त्यावरची वाळू पुसली. "त्यानं ठेवलंय ना हे?" ते म्हणाले. "मग झाकणारे आपण कोण?"

मॅडमचे डोळे भरून आले होते. "काका, मी तुमच्यावर संशय घेतला. तुम्ही त्या ट्रकसमोर उभे राहिला नसतात, तर ही हाडं कुणाला कधीच मिळाली नसती. चुकले मी."

"ते असू द्या, मॅडम," काका म्हणाले. "आधी ते हाड सावलीत ठेवा, उन्हात तडकेल."

मीही पुढे होऊन काकांची माफी मागितली, त्या हाराबद्दल. माझ्यासारख्यांचं ऐकलं असतं तर ती हाडं आज सगळ्या गावाच्या कचऱ्याखाली असती. काका हसले आणि खड्डा बुजवायला त्यांनी माझ्या हातात फावडं दिलं. दगड आम्ही होता तिथेच ठेवला.

दालन उघडलं त्या दिवशी जत्रेसारखी गर्दी होती. देवमासा छतापासून टांगलेला आणि त्याच्या पोटाखाली, दोन बारीक तारांवर, ती दोन हाडं. खालच्या पाटीवर मॅडमनी लिहिलं होतं, की ही मागच्या पायांची खूण आहे, आणि एका माणसानं या जिवाला मानानं पुरलं म्हणून ती आपल्याला दिसते आहे. दिवे लावण्याआधी काकांनी डोळे मिटले. एवढ्या लोकांत मॅडम बटणावर बोट ठेवून थांबून राहिल्या. काकांनी डोळे उघडले तेव्हाच दिवे लागले. टाळ्या थांबता थांबेनात, आणि काका आपले बावरून सदऱ्याची बटणं चाचपत राहिले.

आणि दादा? ते प्रार्थनाघरातली सगळी मंडळी घेऊन आले होते. देवमाशाखाली उभं राहून, काठी थेट वर उगारून, अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगत होते, "ती नव्हे, ती बरगडी! त्याच्या मागे, ती दोन छोटी! पाय होते त्याचे! आमच्या धाकट्यानं शोधली आहेत ती!"

काठी उगारायला आमच्याकडे सक्त मनाई आहे. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी दुसरीकडे बघितलं.