कार्डावरचा 'वॉज'

दारव्ह्याला आम्ही राहत होतो तेव्हाची गोष्ट. साल बासष्ट असावं… त्या आठवड्यात शाळेत सरांनी इंग्रजीतला अपूर्ण भूतकाळ शिकवला होता. दहाच्या दहा वाक्यं बरोबर आली म्हणून मी हवेत होते.

जवळच्या बंजारा तांड्यावरची सोनीबाई दुपारी एक कार्ड घेऊन आली. तिचा नवरा नागपूरच्या दवाखान्यात होता. कार्ड इंग्रजीत, आणि बाबा कचेरीच्या कामानं यवतमाळला गेलेले.

"वाच वं पोरी, काय लिव्हलं?"

दोनच ओळी होत्या. 'पेशंट वॉज इम्प्रूव्हिंग. प्लीज कम सून.' मी ऐटीत सांगितलं, "मावशी, काका सुधरून राह्यले. लवकर या म्हणते."

तिचा चेहरा असा खुलला… "मंग दोन दिसाची कापसाची वेचनी उरकतो अन् जातो," म्हणाली. घाईत कार्ड आमच्या ओट्यावरच विसरून गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा परतले. कार्ड वाचून त्यांनी मला हाक मारली. "अगं, इथे 'वॉज' आहे. सुधारत होता, असं लिहिलंय. मग आता कसा आहे?"

मी कार्ड त्यांच्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं.

बाबा तसेच सायकल काढून तांड्यावर गेले. सोनीबाई सकाळच्या पहिल्या मोटारीनं निघाली. ती पोचली तेव्हा तिचा नवरा जाऊन एक रात्र उलटली होती…

पंधरा दिवसांनी ती बाजाराला आली, तेव्हा आईनं तिला घरात बोलावलं. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. मी चुकीचं वाचलं, नाहीतर भेट झाली असती, हेही सांगितलं. रडतच सांगितलं.

ती हळूच म्हणाली, "मले तं ते दोन दिस लई बरे गेले वं पोरी. कापूस वेचता वेचता गानं म्हनून राह्यलती मी…"

एवढंच बोलली. चहाही न घेता उठून गेली. पुढे कधी कार्ड आलं असेल, तरी ते वाचून घ्यायला ती आमच्याकडे आली नाही.

नंतर मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. पण हा काळ शिकवायला आला की फळ्यावरच्या 'वॉज'खाली मी दोन-दोनदा रेघ ओढायचे… तिनं त्या दिवशी मला एक शिवी तरी हासडायला हवी होती, असं आजही वाटतं.